किरणोत्सारी सुकेळी

सत्याच्या बाजूने माणसाला कधी ना कधी एकट्याने उभे राहावेच लागते. रोझलिन तुस्कानो त्या सोमवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत एकट्या उभ्या होत्या, कारण खोलीत पाहुण्यांसाठी खुर्च्या दोनच होत्या. एकीवर पालक-शिक्षक संघाच्या विनिताबाई बसल्या होत्या आणि दुसरीवर केळी होती.

केळी अर्धा डझन होती. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकीत एक घालून वर गाठ मारलेली. विनिताबाईंनी ती नायगावहून माणिकपूरपर्यंत रिक्षाने आणली होती, आणि रिक्षात मांडीवर न घेता पायाशी ठेवली होती, हेही त्यांचे सांगून झाले होते.

"टीचर, तुम्ही वर्गात असं म्हणालात का?" मुख्याध्यापक ऑस्कर सरांनी विचारले.

"कसं?"

"म्हणजे केळ्यात..." सरांनी शब्द आठवून पाहिला आणि सोडून दिला. "...ते असतं म्हणून?"

"किरणोत्सार. हो, म्हणाले."

"बघा!" विनिताबाई म्हणाल्या. "सर, माझी आर्या तीन दिवस टिफिनमधलं फ्रूट परत आणतेय. आमच्या टॉवरच्या ग्रुपवर काय चाललंय माहितीये? कोणीतरी फुटलेल्या अणुभट्टीचा फोटो टाकलाय आणि खाली लिहिलंय, वसईची केळी. आम्ही तर ऑरगॅनिक घेतो, मॅम!"

"ऑरगॅनिकमध्येही तेवढाच असतो," रोझलिन टीचर म्हणाल्या. विनिताबाईंना धीर यावा म्हणून त्या हे म्हणाल्या होत्या. आला नाही.

ऑस्कर सरांनी कपाळ पुसले. मुख्याध्यापक होण्याआधी ते इतिहास शिकवत, त्यामुळे सत्याचे पुढे काय होते याची त्यांना कल्पना होती. शनिवारी पालकांची सभा लावू, टीचर सगळ्यांसमोर खुलासा करतील, असे त्यांनी ठरवून टाकले. मग विनिताबाई उठल्या, पण केळी उचलीनात. सरही उचलीनात. शेवटी ती पिशवी टीचरनीच उचलली आणि शिक्षकांच्या खोलीत नेऊन सगळ्यांना वाटली. तिघांनी घेतली. बाकीच्यांचा अचानक उपास निघाला.

झाले होते ते एवढेच. नववी ब ला अणूची रचना शिकवताना टीचर दरवर्षी शिकवत तसेच त्यांनी शिकवले होते. अणूच्या मध्यभागी केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, बाहेर इलेक्ट्रॉन आणि मधे नुसती मोकळी जागा. "वसईत आता एवढी मोकळी जागा फक्त अणूतच उरलीय," हा त्यांचा जुना विनोद. तो पूर्वी नव्हता. टॉवर येत गेले तसा तो तयार झाला. पोटॅशियमच्या केंद्रकात प्रोटॉन एकोणीसच असतात. न्यूट्रॉन बहुतेकांत वीस. पण दहा हजारांत एखादा असा निघतो की ज्याच्यात एकवीस असतात, आणि त्या एकाचे काही जमत नाही. तो कधी तरी फुटतो आणि दुसऱ्याच मूलद्रव्याचा होऊन बसतो. "हे पोटॅशियम कशात असतं? केळ्यात. आमच्या वाडीतल्या राजेळीत पण आहे." असे म्हणून त्या पिशवीतून केळे काढत, मुलांसमोर सोलत आणि खात.

फुटण्याचा हिशेब शिकवायला त्यांच्याकडे बरणीभर चिंचोके होते, मधोमध फोडलेले. एक बाजू काळी, एक पांढरी. प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम बाकावर टाकायचा. पांढरी बाजू वर आली त्याचा अणू फुटला, त्याने खाली बसायचे. उरलेल्यांनी पुन्हा टाकायचा. दर फेरीला वर्ग साधारण निम्मा होतो. यालाच अर्धायुकाल म्हणायचे. निम्मे जाणार हे नक्की. पण कोण जाणार, ते चिंचोका हातात असेपर्यंत कोणाला सांगता येत नाही.

पुस्तकात हे नव्हते. ही युक्ती टीचरनी स्वतःची काढली होती आणि तिचा उपयोग त्यांना एकदा वर्गाबाहेरही झाला होता. बारा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान एरॉल सकाळी वाडीतला पंप सुरू करायला विहिरीवर गेले आणि तिथेच बसले ते उठले नाहीत. माणूस धडधाकट, पन्नाशीही न गाठलेला. मातीला आलेल्या प्रत्येकाने जाताना एकेक कारण ठेवून दिले. मीठ फार खायचा. दृष्ट लागली. पंपाची जागा चुकली. देवाला आवडला. टीचरनी सगळी ऐकून घेतली. शाळेत परतल्या तेव्हा नेमका हाच धडा आला होता. चिंचोके वाटले, पोरांनी टाकले, निम्मा वर्ग बसला, आणि एका पोराने विचारले, "टीचर, मीच का पहिला?" त्या म्हणाल्या, "कारण नसतं बाळा. तुझी काही चूक नाही. कोणाचीच नसते." मग फळ्याकडे तोंड करून त्यांनी बराच वेळ एक आकृती काढली, जी एरवी चटकन होते.

तेव्हापासून या धड्यात त्यांना कोणी कानामात्रा बदललेली चालत नसे.

घरी बातमी त्यांच्या आधी पोचली होती. भुईगावच्या वाटेवरच्या त्यांच्या वाडीत दीर क्लेमेंट सुकेळी करतो. पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या मांडवावर उन्हात ठेवायची, दिवसातून दोनदा उलथायची, ऊन उतरले की आत घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. आठवडाभर असे लेकरासारखे सांभाळले की बोटाएवढे, मधाच्या रंगाचे, चिवट सुकेळे हाती लागते. मग केळीच्याच सुक्या पानात पुड्या बांधायच्या. आसपासच्या वाड्यांतून हा उद्योग उठत गेला. लोकांनी जमिनी तरी विकल्या, नाही तर धीर तरी. क्लेमेंटने दोन्ही ठेवले होते, त्यामुळे त्याच्याकडे तिसरे काही नव्हते.

"वयनी," टीचरनी चपला काढायच्या आत तो म्हणाला, "विरारच्या दुकानवाल्याचा फोन आला होता. यंदा थांबा म्हणतो."

"का?"

"का म्हणून मलाच विचारतेस?"

जाऊ प्रिन्सी मांडवाशी उभी राहून सुकेळी उलथत होती. तिने वर न बघताच तोंड उघडले. "रोझबाय, तीस वर्सं तू शिकवतेस. एका पोराच्या डोक्यात काय राहिलं नाय. नेमकं यंदाच कसं राहिलं गो?"

 खरे सांगायचे तर हाच प्रश्न टीचरनाही दिवसभर पडला होता, आणि दर वेळी त्यांना आतून थोडा आनंद होत होता. त्यांचा एखादा धडा शाळेच्या फाटकाबाहेर गेल्याचे आयुष्यातले हे पहिलेच उदाहरण होते.

"फादरांचा पण निरोप आलाय," क्लेमेंट म्हणाला. पहिल्या सुकेळ्यांची पुडी दरवर्षी चर्चच्या बंगल्यावर जायची, त्याच्या आजोबांपासूनचा रिवाज. "यंदा पुडी नको म्हणाले. डायबेटिस आहे म्हणे."

"डायबेटिस त्यांना मागच्या वर्षी पण होता."

"तेव्हा तुझी केळी फुटत नव्हती ना!"

"तेव्हापण फुटत होती, क्लेमेंट. तुझ्या आजोबांच्या वेळी पण फुटत होती. एका केळ्यात सेकंदाला पंधरा एक अणू फुटतात, आणि तू जन्मापासून खातोयस. काय झालं तुला?"

"मला काय झालं ते बघायला गिऱ्हाईक येत नाही, वयनी." क्लेमेंट खाली बसला. त्याने आवाज उतरवला. तो भांडत असला की टीचरना सोपे जाई, विनवायला लागला की अवघड. "शनिवारी एवढंच सांग. केळ्यात काय नसतं. चूक झाली. एक वाक्य. पुढच्या वर्सी वर्गात तुला काय शिकवायचं ते शिकव."

"पुढच्या वर्षी मी वर्गात नसणार. जूनमध्ये रिटायर होतेय."

"मग तर झालंच की!" प्रिन्सी म्हणाली. "आता कोणासाठी एवढं?"

याला उत्तर होते, पण ते प्रिन्सीला सांगण्यासारखे नव्हते. टीचरनी पदर खोचला आणि मांडवाच्या दुसऱ्या बाजूने सुकेळी उलथायला घेतली. "घाबरू नका, खा, एवढं सांगेन," त्या शेवटी म्हणाल्या. "ते खरंच आहे."

क्लेमेंटने तेवढ्यावर समाधान मानले. ही त्याची चूक होती. तीस वर्षे एका घरात राहून त्याला वहिनीचा स्वभाव कळायला हवा होता.

शनिवारी शाळेचा हॉल भरला. एरवी पालकसभेला आईवडिलांपैकी कोणी तरी एक येते. या वेळी दोघेही आले होते, शिवाय ज्यांची मुले या शाळेत नव्हती तेही आले होते. क्लेमेंट मागच्या दाराशी टोपली घेऊन उभा होता. खुलासा झाला की तिथल्या तिथे विकायची, असा त्याचा बेत होता. ऑस्कर सरांनी एक टाइप केलेले निवेदन टीचरच्या हातात दिले. 'केळी व सुकेळी यांत कोणत्याही प्रकारचा किरणोत्सार नसून पालकांनी निश्चिंत राहावे.' खाली सहीसाठी रेघ होती.

टीचरनी ते वाचले, घडी घालून टेबलावर ठेवले आणि चष्मा पुसला.

"यातला शेवटचा भाग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "निश्चिंत राहा."

मग त्यांनी शिकवायलाच घेतले. फळा नव्हता, तर हवेत बोटाने काढून दाखवले. केंद्रक म्हणजे काय, एकवीस न्यूट्रॉनवाला कसा अस्वस्थ असतो, तो फुटतो म्हणजे स्फोट होत नाही, एक बारीकसा कण बाहेर पडतो आणि पोटॅशियमचे कॅल्शियम होते. "म्हणजे हाडांना चांगलं?" पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारले. टीचरनी त्यांना नाउमेद केले नाही. बरणी काढली, चिंचोके वाटले. सगळे पालक उभे राहिले, सगळ्यांनी चिंचोके टाकले. निम्मे बसले, मग उरलेल्यातले निम्मे. थोडा वेळ तर सभेला मजा येऊ लागली. विनिताबाई तिसऱ्या फेरीला बसल्या तेव्हा शेजारणीला टाळीही देऊन गेल्या. शेवटी विरारहून आलेले एक पालक, प्रल्हादराव, एकटे उरले. ते टाकत राहिले आणि काळीच बाजू येत राहिली.

"आता हा कधी फुटणार?" त्यांनी विचारले.

"सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"पुढच्या खेपेला फुटेल, नाही तर सव्वाशे कोटी वर्षं पण फुटणार नाही."

प्रल्हादराव विमा कंपनीत होते. "म्हणजे रिस्क आहेच," ते म्हणाले, आणि हॉलमधली मजा तिथेच संपली.

"मॅम, स्ट्रेट विचारते," विनिताबाई उभ्या राहिल्या. "खायची की नाही?"

"खायची. रोज खा. शरीराला त्याने काही होत नाही."

दाराशी क्लेमेंटने टोपलीवरचे फडके काढले.

"आणि सुकेळी?" मागून कोणी तरी विचारले. "सुकेळ्यात पण एवढंच असतं ना?"

इथे नुसती मान हलवली असती तरी चालले असते. हॉलमधल्या एकाही माणसाला फरक कळला नसता. ऑस्कर सरांनी टीचरकडे पाहत स्वतःच ती हलवून दाखवली.

"नाही," टीचर म्हणाल्या. "जास्त असतं."

"जास्त?"

"वाळवल्यावर पाणी उडून जातं, पोटॅशियम राहतं. म्हणजे किलोला किलो धरलं तर सुकेळी जास्त किरणोत्सारी. साधं गणित आहे."

क्लेमेंटने फडके पुन्हा टोपलीवर टाकले, टोपली उचलली आणि तो निघून गेला. दार आपटायची त्याला सवय नव्हती. ते वाऱ्याने आपटले.

त्यानंतर जो गलका झाला त्यात विनिताबाईंनी पर्समधून यंत्र काढले. मोबाइलएवढे, पिवळे. त्यांच्या मिस्टरांनी, हर्षवर्धननी, किरणोत्सार मोजायला ऑनलाइन मागवले होते. "ओपिनियन नको, रीडिंग घेऊ," त्या म्हणाल्या, आणि रोझलिन टीचरना त्या क्षणी ही बाई आवडली. त्यांनी स्वतःच्या डब्यातली सुकेळी काढून टेबलावर ठेवली.  यंत्र टिक् टिक् करू लागले. आकडा वीसच्या आसपास गेला, तसे पुढच्या दोन रांगांतले लोक तिसऱ्या रांगेत गेले.

"आता सुकेळी बाजूला घ्या," टीचर म्हणाल्या. "नुसतं टेबल मोजा."

नुसत्या टेबलाचाही वीसच आला.

"मशीन बिघडलंय," प्रल्हादराव म्हणाले.

"बिघडलं नाही. एवढा किरणोत्सार सगळीकडेच असतो. जमिनीतून येतो, आकाशातून येतो. सुकेळ्याचा त्यात इतका कमी आहे की या खेळण्याला तो कळत पण नाही."

विनिताबाई हट्टाने यंत्र घेऊन हॉलभर फिरल्या. खिडकीशी वीस, दाराशी वीस. स्टेजच्या पायरीपाशी मात्र टिकटिक एकदम दाट झाली आणि आकडा चाळीसच्या वर गेला. पायरी ग्रॅनाइटची होती, चकचकीत काळी, एका बिल्डरने आईच्या स्मरणार्थ दिलेली. तिच्यावर आईचे नाव होते, बिल्डरचे त्याहून मोठे. टीचर आनंदाने समजावू लागल्या की ग्रॅनाइटमध्ये थोडे युरेनियम, थोडे थोरियम असतेच, त्यानेही काही होत नाही. पण ऑस्कर सर भराभरा पुढे आले आणि पायरीवर उभे राहिले. पुढचा सगळा वेळ ते तिथेच उभे होते.

"टीचर," तिथूनच ते म्हणाले, "वेळ फार झाला. तेवढी सही करून टाका."

"यावर करता येणार नाही, सर. केळी किरणोत्सारी आहेत."

"आहेत, पण आपण नाहीत म्हणूया."

"मी पण किरणोत्सारी आहे, सर. तुम्ही आहात. इथे बसलेले सगळे आहेत. आपल्या अंगात पण पोटॅशियम असतं. दर सेकंदाला प्रत्येकाच्या शरीरात चारेक हजार अणू फुटतात. एका बिछान्यावर झोपलात तर शेजारच्या माणसाचा थोडा आपल्याला पण लागतो."

नवराबायको म्हणून आलेल्या पालकांनी एकमेकांकडे पाहिले. काहींना बहुधा ही शंका पहिल्यापासून होती.

"म्हणजे आमची मुलं..." विनिताबाईंचा आवाज चढला.

"मुलं पण. लहान असतात, म्हणून थोडी कमी."

त्या दिवशीचा ठराव एकमताने झाला. त्यात केळ्यांविषयी खेद होता. पायरीचा उल्लेख नव्हता, कारण ती देणाऱ्यांनी पुढच्या वर्षी पंखे द्यायचे कबूल केले होते. पायरीवर मात्र सोमवारी लाल गालिचा आला.

सोमवारीच ऑस्कर सरांनी टीचरना बोलावले. या वेळी दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या आणि सर स्वतःच उभे होते. माणूस वाईट नव्हता. वाईट वाटून घेणारा होता.

"एक सही, टीचर. तुमचे चार महिने राहिलेत. कोण लक्षात ठेवणार आहे?"

"त्या पोटॅशियमचा अर्धायुकाल सव्वाशे कोटी वर्षं आहे, सर. माझ्या रिटायरमेंटशी त्याचा काय संबंध?"

"मग मला नववी ब काढून घ्यावी लागेल तुमच्याकडून. वरून फोन आहेत."

हे टीचरना लागले. तसे चेहऱ्यावर दिसले नाही. फक्त हातातला खडू त्यांनी या मुठीतून त्या मुठीत घेतला. नववी ब चे अजून पाव पुस्तक राहिले होते. चिंचोक्यांची दुसरी फेरी राहिली होती, जिच्यात एक अणू फुटून दुसरा होतो आणि तोही फुटतो, आणि पोरे एकमेकांच्या अंगावर चिंचोके उडवतात. त्यांच्या नोकरीतला तो शेवटचा वर्ग होता.

"काढून घ्या," त्या म्हणाल्या. "पण वर्गात कोणी विचारलं, की केळ्यात काय असतं, तर जो कोणी शिकवेल त्याला खरं सांगायला सांगा."

"संकेत सर शिकवतील. त्यांना कोणी काही विचारत नाही," ऑस्कर सर म्हणाले, आणि ते खरे होते.

बदल्यात टीचरना मूल्यशिक्षणाचे तास मिळाले. त्या आठवड्याचे मूल्य होते 'सत्यनिष्ठा'. टीचरनी ते नीट शिकवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण मूल्यशिक्षणाच्या तासाला टाळ्या वाजवायच्या असतात.

घरी आठवडाभर कोणी त्यांच्याशी धड बोलत नव्हते. प्रिन्सी ताट वाढे आणि ताटाशीच बोले. सुकेळ्यांच्या पुड्या पडवीत भिंतीला लावून रचलेल्या होत्या. शनिवारी शाळेतून येताना टीचरनी जाड पांढरा पुठ्ठा आणला, ओट्यावर बसून त्यावर ब्रशने अक्षरे काढली. फळ्यावर लिहून लिहून वळण पडलेले ते अक्षर रस्त्यापलीकडून वाचता येत होते: 'किरणोत्सारी सुकेळी'. खाली थोडे बारीक: 'केळ्यांपेक्षा जास्त'.

क्लेमेंटने ते वाचले. "वयनी, त्यापेक्षा एकदाच विहिरीत टाकून ये ना सगळी."

"उद्या तू नको बसू चर्चच्या फाटकाशी. मी बसते."

"लोक हसतील."

"हसू देत. तोंड उघडलं की खातील पण."

प्रिन्सी आतून म्हणाली, "हिला आता कोणी आवरू नका," आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात राग सोडून दुसरे काही तरी होते.

रविवारी चर्चमधली मोठी मिस्सा सुटली तेव्हा टीचर फाटकाबाहेर स्टुलावर बसल्या होत्या, पुढे टोपली, टोपलीला टेकवलेला पुठ्ठा. लोक बाहेर येत, वाचत, थबकत आणि दुसरीकडे बघत पुढे जात. काही जण लांबून फोटो काढत. टीचर ताठ बसून एक सुकेळे चघळत होत्या. पहिल्यांदा थांबली ती म्हातारी ॲंजेला. तिने चष्मा डोळ्यांजवळ धरून अक्षर अन् अक्षर वाचले.

"किरणोत्सारी म्हंजे नवीन बेणं काय गो?"

"नाही मावशी. जुनंच. पृथ्वी झाली तेव्हापासूनचं."

"मग दोन पुड्या दे. नव्या बेण्याला चव नसते."

ॲंजेलाच्या मागे तिची सून थांबली, सुनेमागे सुनेची मैत्रीण. मग टीचरचे जुने विद्यार्थी आले. त्यातला एक आता स्वतःच्या मुलाला कडेवर घेऊन होता. "टीचर, चिंचोके अजून आहेत?" त्याने विचारले, आणि उत्तराआधीच पुडी उचलली. दोन पोरे मुद्दाम विरारहून मोटरसायकलवर आली होती; अंधारात चमकतात का, असे त्यांनी विचारले. "नाही," टीचर म्हणाल्या. पोरांचा हिरमोड झाला, तरी एक पुडी घेतली. फादरांनी बंगल्यातून पोऱ्या पाठवला नाही. ते स्वतः आले, पुठ्ठा वाचून हसले, आणि डायबेटिस असून एक सुकेळे तिथेच उभ्याने खाल्ले.

ऊन चढल्यावर एक स्कूटर थांबली. विनिताबाई होत्या, मागे आर्या. विनिताबाईंनी हेल्मेट काढले नाही.

"सासूबाई आल्यात गावाहून," त्या म्हणाल्या. "त्यांना हीच हवीत. मी सांगितलं सगळं, तरी हवीत. मॅम, यात कमी असलेली आहेत का?"

"अर्धा किलो घ्या," टीचर म्हणाल्या. "निम्मा होईल."

विनिताबाईंनी हेल्मेटच्या आत विचार केला. "पाव किलो द्या," त्या म्हणाल्या.

टीचर पुडी बांधत होत्या तेवढ्यात आर्या स्कूटरवरून उतरून जवळ आली. "टीचर, युनिट टेस्ट झाली. तो भाग नव्हताच पोर्शनला. संकेत सर म्हणाले, ऑप्शनला टाका."

"टाकलास?"

"नाही, वाचला. टेस्टला नव्हता ना, म्हणून." तिने जरा थांबून विचारले, "बहुतेकांचं कॅल्शियम होतं. पण थोड्यांचा आरगॉन पण होतो, असं होतं त्यात. कुणाचं काय होणार, ते कसं ठरतं?"

"ठरत नाही," टीचर म्हणाल्या. त्यांनी एक सुकेळे उचलून तिच्या हातावर ठेवले. आर्याने आईच्या पाठीकडे पाहिले आणि ते सबंध तोंडात टाकले.

स्कूटर गेली. चर्चचे फाटक बंद झाले. क्लेमेंट छोटा टेम्पो घेऊन आला, पुठ्ठ्याकडे न बघता टोपली उचलायला वाकला, आणि वाकूनच राहिला. आत हात घालून त्याने पुड्या चाचपल्या.

"निम्मी गेली," तो म्हणाला.

"निम्मी," टीचर म्हणाल्या. आवाजात जिंकल्याचा सूर येऊ नये म्हणून त्यांनी बराच प्रयत्न केला.

क्लेमेंटने टोपली टेम्पोत ठेवली आणि पुठ्ठा तिच्यावर उपडा टाकला.

"मागच्या वर्सी पण निम्मीच गेली होती," तो म्हणाला.